आईला बेटावर न्यायला गेले होते

फेब्रुवारीत ठरवलं, आईला इकडे घेऊन यायचं. इकडे म्हणजे मॉरिशसला. दोन वर्षं झाली, मी इथे पश्चिम किनाऱ्यावरच्या एका गावात राहते आणि पुण्यातल्या एका कंपनीसाठी सबटायटलची कामं करते. भारताचं घड्याळ इथल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे सकाळी आठला बसलं की दुपारी चार-साडेचारला मोकळं होता येतं आणि मग समुद्र. हे सगळं मी आधी इथे भरपूर लिहिलंय, फोटोंसकट. या वेळचं लिखाण उलट्या दिशेचं आहे. बेटावरून घरी जाण्याचं.

आई भिसेगावात एकटी असते. कर्जत स्टेशनपासून चालत जाण्याइतकं जवळ, आमच्या बौद्ध वस्तीतलं दोन खोल्यांचं घर. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. मी एकुलती. मागच्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि मला ते तिसऱ्या दिवशी शेजारच्या शालूकडून कळलं. तेव्हापासून मला झोप नीट लागत नव्हती. म्हणून इथलं एका खोलीचं घर सोडून दोन खोल्यांचं घेतलं. तिच्या खोलीला खिडकी पूर्वेची, खाली कढीपत्त्याचं झाड. पासपोर्ट शालूच्या नवऱ्यानं काढून दिला होता. भारतीयांना इथे फिरायला यायला आधी व्हिसा काढावा लागत नाही, त्यामुळे आधी पाहुणी म्हणून आणायची, रुळली की पुढचं बघायचं, असा बेत. जातानाचं माझं एक तिकीट आणि येतानाची दोन, अशी काढूनच मी निघाले.

मुंबईचं थेट विमान साधारण साडेसहा तासांचं. रात्री बसलं की सकाळी उतरतो. विमानतळावरून कर्जतला यायचं तर टॅक्सीनं पनवेल, पुढे जुन्या रस्त्यानं चौकपर्यंत आणि तिथून डावीकडे. अडीच-तीन हजार घेतात, घासाघीस करावीच लागते. माझा ड्रायव्हर कळंबोलीचा होता, बोलका. पनवेल सोडलं आणि आईचा फोन आला.

"कुठवर आलीस?"

"पनवेल गेलं. तासाभरात घरी."

"घरी नको येऊस. साजगावला ये. सुमन गेली सकाळी. मी हितंच हाय."

सुमनमावशी आईची मैत्रीण. सख्खी मावशी नव्हे, पण माझ्या लहानपणाच्या प्रत्येक सुट्टीत ती आहे. तिच्या नवऱ्यानं खालापूरजवळच्या साजगावच्या कारखान्यात जन्म काढला होता. मी ड्रायव्हरला सांगितलं तेव्हा त्यानं गाणी बंद केली आणि एक्सप्रेसवे धरला. खालापूरच्या टोलनाक्याला उतरलो तशी त्यानं गाडी टपरीशी लावली. "चहा घ्या मॅडम. तिथं गेल्यावर कोण विचारणार नाय तुम्हाला." खरं होतं ते. मी चहा घेतला, एक वडापाव खाल्ला, आणि खाताना लाज वाटली.

साजगावात मी चाकांची बॅग ओढत गल्लीत शिरले. बॅगेत आईसाठी घेतलेली गवताची रुंद टोपी होती, रबरी चपला होत्या. दाराशी पुरुष खुर्च्यांवर बसले होते. मागच्या अंगणात चार बायकांनी चार लुगडी ताणून आडोसा धरला होता आणि त्या आडोशातून आईचा आवाज येत होता.

"हात सोड गं सुमे. सोड. आता काय धरून ठेवतेस?"

इथे सांगायला हवं. आमच्या वस्तीत, आणि आजूबाजूच्या चार-पाच वस्त्यांत, बाई गेली की आंघोळ घालायला आईला बोलावतात. हे काम तिला कोणी दिलेलं नाही, तिच्या सासूनंतर ते तिच्याकडे आलं. पैसे नसतात, साडीचोळी नसते. निरोप आला की हातातलं टाकून निघायचं. लहानपणी मला याची शिसारी यायची. ती परत आली की अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून पाणी घ्यायची आणि मगच स्वयंपाकाला लागायची.

"सुधाबाईची लेक आली," कोणीतरी म्हणालं.

"बाहेर कशाला उभी? आत ये," आई आतून म्हणाली. "यशोदेचा हात दुखतोय, तिचं टोक धर."

मी बॅग भिंतीला लावली आणि लुगड्याचं टोक धरलं. आत बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. फळीवर मावशी, आणि तिला कुशीवर वळवताना तिघी. एकीनं मान धरलेली, एकीनं कंबर, आई तांब्यानं कोमट पाणी सोडत होती. अगदी हळू. जिवंत माणसाच्या डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून घेतात तशी काळजी.

"जड झाली गं," मान धरणारी म्हणाली.

"जड का नाय होणार? माझ्या हातची सुकट खाऊन खाऊन झाली," आई म्हणाली. आडोशातल्या सगळ्या हसल्या आणि हसता हसताच यशोदाबाईंना रडू फुटलं. मग पांढरी साडी, मग त्रिशरण-पंचशील. मी पुटपुटले. दोन वर्षांत म्हटलं नव्हतं, पण कुठे अडलं नाही.

दुसरा दिवस भिसेगावात गेला. पाव्हणी आल्यासारखं वस्तीतलं कोणी ना कोणी येत होतं. शालूनं टोपी बॅगेतून काढून आईच्या डोक्यावर ठेवली.

"काकू, आता हाफचड्डी घालून वाळूत बसनार तुमी!"

"बसेन की. तुझ्या सासूला फोटो पाठवीन."

"ती मरंल बघून."

"मग मलाच परत यावं लागंल," आई म्हणाली. सगळ्या हसल्या. मी पण.

संध्याकाळी मी तिला सगळं समजावलं. तांदूळ मिळतो, मासळी ताजी मिळते. रस्त्याकडेला दाल-पुरी मिळते, पुरणपोळीसारखी पण तिखट, दोन खाल्ल्या की पोट भरतं. उकाडा कर्जतसारखाच, पण वारा असतो. ती नीट ऐकत होती. घरमालकीण कशी आहे, वरच्या मजल्यावर कोण राहतं, दवाखाना किती लांब. तिचे प्रश्न पाहून मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, निघायच्या आधी खालापूरला जायचंय, कापड घ्यायला. पांढऱ्या साडीचा एक जोड ती कायम घरात ठेवते. ज्यांच्याकडे ऐनवेळी नसतं त्यांच्यासाठी. सुमनमावशीला तोच गेला होता. कर्जतला दुकानं काय कमी आहेत, असं मी म्हटलं, तर म्हणाली, "तिथं विचारतात, कुठला कार्यक्रम हाय म्हणून. ह्यो खालापूरचा विचारत नाय."

कर्जतहून चौकपर्यंत टमटम, चौकला खालापूरची एसटी. वाचणाऱ्यांपैकी कोणी जाणार असेल तर सकाळी लवकर निघा, दुपारी टमटम भरेपर्यंत थांबवून ठेवतात. दुकानदारानं खरंच काही विचारलं नाही. कपाटातून दोन साड्या काढल्या, काठ उलगडून दाखवले, कागदात बांधल्या. भाव केला नाही तिनं. या एका गोष्टीत ती भाव करत नाही.

स्टँडवर उसाचा रस घेतला. पुढ्यात तहसील कचेरीकडे जाणारी माणसं, कडेला आंबटगोड बोरं घेऊन बसलेली ठाकरवाडीची बाई. आईनं पेला अर्ध्यावर ठेवला.

"मला एक सांग. तिथं बाई गेली, तर आंघोळ कोन घालतं?"

"कुठे?"

"तुझ्या बेटावर."

"असेल गं काहीतरी सोय. गाडी येत असेल."

"गाडी न्यायला येती. आंघोळ कोन घालतं, ते विचारते मी."

मला माहीत नव्हतं. मला तिथली भरतीची वेळ माहीत आहे, कुठल्या बेकरीतला पाव सकाळी सहाला गरम असतो ते माहीत आहे, कुठल्या गल्लीत इंटरनेट अडतं ते माहीत आहे. हे नाही.

"दोन वरसांत कुनाच्या मयताला गेलीस का तिथं?"

"नाही."

"मंजी कोन मेलंच नाय?"

"मेले असतील. मला कोणी बोलावलं नाही."

तिनं पेला पुन्हा उचलला. मग मीच चिडले. "आई, तू काय उद्याच मरणार आहेस का?"

"नाय तर कधी? तारीख सांग, तशी तयारी करते."

"मी घालीन ना तुला आंघोळ!"

"एकटी?" तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला सुमनमावशीला वळवणाऱ्या तिघी आठवल्या. "बघितलंस ना परवा? एकटीनं नाय व्हत, गं. मान लटकते. आनि तू रडत बसशील का धरशील?"

मी म्हणाले, तिथे ओळखी होतील, बायका येतील. ती म्हणाली, "येतील. पन माझ्याशी भांडलेल्या नसतील त्या. मला कुठं दुखतं, कुठं हात लावलेला चालत नाय, त्यांना काय ठाव? आजवर मी परक्या हातानं कुनाला जाऊ दिलं नाय. मी कशी जाऊ?"

रस संपवून ती म्हणाली, "तुजं काम तिथं हाय, तू जा. मी येत नाय." एसटी आली आणि आम्ही बसलो. वाटेत तिनं बोरं खाल्ली, बिया खिडकीतून टाकत.

घरी आल्यावर मी भांडले. न्हाणीतल्या घसरण्याबद्दल बोलले, माझ्या झोपेबद्दल बोलले. परत येऊन इथेच काम करते, असंही म्हणाले. त्यावर ती पहिल्यांदा ओरडली. "माझ्या मरनाची वाट बघत हितं बसनार? मंग मी रोज तुझं तोंड बघून मरायचं का?" शालू दारात आली होती, तशीच मागे गेली. नंतर कळलं, त्या दोन साड्यांतली एक आईनं त्याच संध्याकाळी शालूकडे नेऊन दिली. ती गेल्यावर तिला नेसवायची. शालू गेलं वर्षभर आंघोळ घालायला तिच्याबरोबर जाते, हात बसला आहे तिचा.

आईचं तिकीट रद्द केलं. निम्मेच पैसे परत आले. म्हाताऱ्या माणसाचं तिकीट काढणार असाल तर रद्द करता येणारं काढा, थोडं महाग पडलं तरी. निघायच्या दिवशी तिनं न्हाणीत नवी खरबरीत फरशी बसवायला गवंडी बोलावला होता, माझ्या हट्टामुळे, त्यामुळे ती टॅक्सीपर्यंतही आली नाही. त्याला सिमेंटचं प्रमाण सांगत उभी होती. आतूनच हात हलवला.

मी परत आले त्याला महिना झाला. तुम्ही विचारता, एकटीनं चाळिशीत बेटावर जावं का? जा. समुद्र उबदार आहे, माणसं वाईट नाहीत, काम होतं. मीही अजून इथेच आहे आणि सकाळी आठला बसते. फक्त आता चार वाजता पाण्यात उतरताना ज्या दोघीतिघी नेहमी भेटतात, त्यांची नावं मी विचारून घेतली. त्यांची घरं कुठे आहेत तेही.

आईची खोली रिकामी आहे. मालकिणीला परत द्यावी की ठेवावी, ते ठरत नाही.

काल तिचा फोन आला. फरशी चांगली बसली म्हणाली, पाय घट्ट धरते. मग म्हणाली, "शालूला सांगून ठेवलंय. तू येऊन पोचलीस तर तांब्या तुझ्या हातात द्यायचा. मान ती धरंल."

"आणि नाही पोचले तर?"

"तर थांबायचं नाय, असं बी सांगितलंय."

मी बरं म्हटलं. तिकडे कुकरची शिट्टी झाली आणि ती फोन न ठेवताच उठून गेली.