विमानाच्या दारापर्यंतची बाबागाडी

सायकलीच्या दुकानात एक डबा असतोच. सायकल खोलली, साफ केली, पुन्हा जोडली, की एखादा नट नाहीतर वायसर हातात उरतो. सायकल तर नीट चालते, मग हा कुठला? असं म्हणत तो डब्यात टाकायचा. किश्श्यांचंही तसंच. माणूस आपल्या वाटेनं निघून जातो, त्याची गोष्ट आपल्याकडे उरते. माझा डबा आता भरला आहे, म्हणून थोडा उपडा करतो.

माझं दुकान बोईसरला, तारापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. आता मुलगा बघतो, मी खुर्ची टाकून बसतो. शाळा चौथीपर्यंत झाली, आणि बोलायलाही मला वेळ लागतो. हरेश्वर म्हणायचा, "दामूचं एक वाक्य होईस्तोवर माझी जीप पालघरला जाऊन येते!"

हा हरेश्वर मुरब्याचा, समुद्रकाठच्या गावचा. घरची होडी, बाप-आजा समुद्रावर वाढलेले, आणि ह्याला बोट लागायची! पाण्यात गेला की उलट्या. शेवटी बापानंच कंटाळून त्याला जीप घेऊन दिली. ती माझ्या दुकानासमोर उभी असायची आणि तो माझ्या बाकावर बसलेला.

ऐंशी सालाच्या पुढेमागे आमच्या भागातले वेल्डर, फिटर आखातात जायला लागले. आधी गडी जायचा, मग दोन-चार वर्षांनी बायको-मुलांना बोलवायचा. त्यांना मुंबईच्या विमानतळावर सोडायचं काम हरेश्वरकडे, आणि त्यांच्या बाबागाड्या दुरुस्त करायचं माझ्याकडे आलं. विमानात आम्ही दोघंही कधी बसलो नाही. पण विमानातल्या बाबागाड्यांवर आमच्याइतकं अख्ख्या तालुक्यात कोणी बोललं नसेल!

* * *

पहिली बाबागाडी आली ती चिंचणीच्या सुलभाची. सुट्टीवर आली होती, कडेवर आठ-नऊ महिन्यांचं बाळ. गाडी छत्रीसारखी मिटणारी, तशी मी आधी पाहिलीच नव्हती. पुढचं एक चाक तुटलेलं.

"कुठं तुटलं गं?"

"विमानात, काका."

मी चाक फिरवून बघितलं आणि म्हणालो, "मग विमानात जरा सावकाश ढकलायची ना!"

ती जी हसायला लागली, बाळही हसायला लागलं. मग तिनं समजावलं. गाडी विमानाच्या दारापर्यंत न्यायची. तिथं मूल उचलून घ्यायचं, गाडी मिटायची आणि एका माणसाच्या हातात द्यायची. तो ती विमानाच्या पोटात ठेवतो. विमान उतरलं, की पुन्हा दाराशी आणून देतो.

मी विचार केला. "म्हणजे देवळात जाताना चपला काढतो, तसं."

"तसंच!"

बाकावरून हरेश्वर म्हणाला, "चपला चोरीला जातात, त्याचं काय?"

* * *

सुलभा परत निघाली, तेव्हा हरेश्वरनं हे फारच मनावर घेतलं. गाडी विमानाच्या पोटात उघडली, आपटली, म्हणून चाक तुटलं, असं त्याचं मत. त्यानं जीपमधून दोरी आणली आणि माझ्या टेबलाच्या पायावर सुलभाला गाठ मारायला शिकवली. अस्सल मुरब्याची, जाळ्याची गाठ. तिच्याकडून दहा वेळा करून घेतली.

"आता वादळ आलं तरी सुटायची नाय!"

महिन्याभरानं तिच्या नवऱ्याचं पत्र आलं. गाडी सुखरूप पोचली, दारापाशी मिळाली. पण गाठ काही सुटेना. विमानतळावरच्या तीन माणसांनी ओढून पाहिली, एकानं दातही लावले. शेवटी सुलभा एका खांद्यावर बाळ आणि दुसऱ्या खांद्यावर बाबागाडी घेऊन बाहेर आली.

मी म्हणालो, "हरेश्वर, सोडायला का नाही शिकवलंस?"

तो खाली बघत म्हणाला, "आमच्याकडं सोडत नाय कोणी. जाळं कुजतं, गाठ तशीच रहाते!"

* * *

बेटेगावच्या पार्वतीबाई सुनेसोबत निघाल्या होत्या. नातू सहा महिन्यांचा. म्हातारी कडक. गाडी तपासायला आणली, तर मी नुसती ढकलून बघितली, तेवढ्यात ओरडल्या, "रिकामी ढकलू नको रे बाबा!"

रिकामा पाळणा हलवत नाहीत, हे मला माहीत होतं. बाबागाडीलाही तोच नियम लागतो, हे नव्हतं माहीत. मी गाडीत माझा पंप ठेवला आणि ढकलली. त्यांना पटलं.

सून विमानात बसली नातवाला घेऊन, आणि पार्वतीबाई गाडीपाशी जिन्याखाली थांबल्या. आता तो माणूस रिकामी गाडी नेणार! त्यांनी पिशवीतून देवासाठी नेलेला नारळ काढला, त्याला नातवाचं टोपरं घातलं, दुपट्यात गुंडाळला, गाडीत ठेवला आणि निवांत वर जाऊन बसल्या.

पाच मिनिटांत खालचा माणूस धापा टाकत जिना चढून वर! दोन्ही हातांत दुपटं. त्यानं आत बघितलंच नव्हतं, घाबरून नुसतं उचललं होतं. "बाई, तुमचं मूल खालीच राहिलं!"

सगळं विमान बघायला लागलं. सुनेनं मान खाली घातली. पार्वतीबाईंनी शांतपणे टोपरं वर केलं, नारळ दाखवला, आणि का ठेवला तेही सांगितलं.

त्या माणसानं टोपरं पुन्हा नीट केलं, दुपटं छातीशी धरलं आणि म्हणाला, "काळजी नको, आजी, खालीच झोपवतो. मलाही दोन आहेत."

हे सांगताना पार्वतीबाई दर वेळी डोळे पुसायच्या. हरेश्वर दर वेळी विचारायचा, "पण नारळ फोडला का नाय?"

* * *

आता छायाची गोष्ट.

माझ्या दुकानामागच्या चाळीत सुनंदा राहायची. तिचा नवरा वसंत वेल्डर. पोरगी वर्षाची असताना तो आखातात गेला, तो चार वर्षं आलाच नाही. पोरगी म्हणजे छाया. तिच्या पायांत जन्मापासून जोर नव्हता. मोठ्या दवाखान्यातही दाखवून झालं होतं. डोकं मात्र असं, की दुकानात बसून माझ्याआधी सांगायची, "काका, ती मागची ट्यूब पंक्चर हाय."

तिला एक गोष्ट आवडायची नाही. उचललेलं. चाळीतल्या बायका मायेनंच उचलायच्या, पण उचलता उचलता म्हणायच्या, "अगं बाई, जड झाली!" पोरगी दुसरीकडे तोंड फिरवायची.

एक दिवस वसंतचं पत्र आलं. खोली मिळाली, कागद झाले, दोघींनी यावं. सुनंदा पत्र घेऊन दुकानात आली, मागे छाया दाराला धरून बसलेली.

"आई मला उचलून नेणार," छाया म्हणाली. "बाबानं मला बघितलं तेव्हा मी उचललेलीच होती. आता परत उचललेलीच जाऊ?"

कोपऱ्यात दुरुस्तीला आलेल्या बाबागाडीकडे तिनं बोट दाखवलं.

"मला उचलायचं नाय, काका. ढकलायचं."

बाजारातल्या बाबागाड्या तान्ह्या मुलांच्या. पाच वर्षांची मुलगी त्यात मावत नाही. मी म्हणालो, "करतो." एवढंच म्हणालो. हरेश्वर म्हणाला, "दामू पटकन बोलला, म्हंजे काम होणार!"

* * *

लहान मुलांच्या सायकलींची चार चाकं जमवली. नळ्या कापल्या, वाकवल्या. बसायला आरामखुर्चीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड. पिवळा रंग दिला. गाडी झाली सुरेख, पण मिटेना! आणि न मिटणारी गाडी विमानाच्या दाराशी कोण घेणार?

मी आठ दिवस घरची आरामखुर्ची मिटवत आणि उघडत बसलो. बायको म्हणाली, "आता काय, खुर्चीची शिकवणी लावलीय का?" नवव्या दिवशी समजलं. दोन बिजागऱ्या आणि एक खिळा. खिळा ओढला की गाडी खाली बसायची, जशी दमलेली म्हैस बसते.

मग तालीम. माझा बाक हे विमान. हरेश्वर दाराशी उभा राहणारा साहेब. त्यानं शर्टाची सगळी बटणं लावली आणि कपाळाला आठी घातली.

"ये काय है? कारखाने का माल है क्या?"

"मेरा गाडी है," छाया म्हणाली. हिंदी तिला दुकानावर येणाऱ्या कामगारांमुळे यायची.

"नहीं चलेगा! मोडके दिखाव!"

सुनंदानं छायाला बाकावर ठेवलं, खिळा ओढला, गाडी मिटली. साहेबानं गाडीभोवती एक फेरी मारली.

"फिरसे!"

बावीस वेळा केलं. साहेबाला त्यात मजा यायला लागली होती. शेवटी छायाच ओरडली, "हरेश्वरकाका, विमान गेलं!"

जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "घंटी पायजे."

"विमानात कोणाला वाजवशील?"

"असू दे."

मी एका जुन्या सायकलीची घंटी काढली, पॉलिश केली आणि हाताशी बसवली. वाजवून बघितली. चांगला आवाज होता. बोईसरच्या बाजारात गर्दीतून वाट काढणारा.

* * *

मी कधी नव्हे तो जीपमधून सोबत गेलो. दुपारचं विमान होतं. छाया खिडकीशी बसलेली. हातात वसंतचा फोटो, मिशीवाला.

विमानतळावर उतरल्यावर गाडी उघडली, ती बसली, अंगठा घंटीवर. दाराशी पोलीस कागद बघायला लागला. तेवढ्यात तिनं मला खाली वाकायला सांगितलं आणि कानात विचारलं, "गाडी नाय मिळाली तर?"

मला उत्तर सुचेना. मला वेळ लागतो. तोवर सुनंदानं गाडी पुढे ढकलली. त्या दोघी काचेपलीकडे गेल्या, तेव्हा मला उत्तर सुचलं. पण ते आता सांगून काय उपयोग!

परत येताना मनोरच्या पुढे आल्यावर हरेश्वर म्हणाला, "दामू, खिळा जाम नाय ना होणार?"

"तेल दिलंय."

* * *

पत्र यायला महिना लागला. मला अक्षर लागायला वेळ लागतो, म्हणून हरेश्वरनं वाचलं. अर्ध्यावर थांबला आणि तंबाखूची डबी काढली.

"अरे वाच की!"

"थांब, मळू दे. मग वाचतो."

सुनंदानं लिहिलं होतं, मुंबईला विमानाच्या दाराशी गाडी मिटून दिली. माणसानं विचारलं, कुठली कंपनी? छाया म्हणाली, दामूकाका. त्यानं मान हलवली आणि नेली.

तिकडे विमान उतरल्यावर सगळी माणसं गेली. दोघी दाराशी थांबल्या, छाया पहिल्या खुर्चीवर बसून. गाडी येईना. तिथल्या एका माणसानं हातानं खुणा केल्या, की सामान सगळं बाहेर मिळेल, चला. त्याची भाषा सुनंदाला कळेना, सुनंदाची त्याला. तिनं हातांनी गाडी काढून दाखवली, त्याला वाटलं पाळणा. मग छायाचे पाय बघून तो चाकाची मोठी खुर्ची घेऊन आला. छाया म्हणाली, "ही माझी नाय." मग सुनंदाला वाटलं, आता उगाच किती अडवायचं. तिनं उचलायला हात पुढे केले.

छायानं तिचे हात बाजूला केले. त्या माणसाकडे बघितलं, मूठ पुढे धरली, आणि अंगठ्यानं हवा दाबत म्हणाली, "ट्रिंग ट्रिंग!"

माणूस थांबला.

"ट्रिंग ट्रिंग!"

तो जिना उतरून धावत खाली गेला. मग विमानाच्या पोटातून आवाज आला, ट्रिंग ट्रिंग!

इथं हरेश्वरनं तंबाखू तोंडात टाकली आणि चष्मा पुसला. पाठीमागे आणखी एक पान होतं, ते वसंतचं.

वसंत बाहेर कठड्यापाशी सकाळपासून उभा होता. दारातून येणाऱ्या प्रत्येक बाईच्या कडेवर बघत होता. कडेवर मोठी मुलगी असलेली बाई काही दिसेना. गर्दी सरली, तसा तो दुसऱ्या दारातून तर आल्या नाहीत ना, म्हणून तिकडे वळला. पाठीमागून घंटी वाजली.

त्यानं लिहिलं होतं, "काका, चार वर्षं झाली बोईसर सोडून, पण घंटी ऐकली आणि मी न बघताच रस्त्याच्या कडेला झालो, सायकलला वाट द्यायला."

आणि मागून आवाज आला,

"बाबा, बाजूला काय होतोस!"