कोरे सोडलेले एकतीस प्रश्न

आमच्या पोशीरच्या घरी कुरिअरवाल्याच्या कागदावरसुद्धा वडील वाचल्याशिवाय सही करत नाहीत. आजोबांनी एकदा न वाचता अंगठा दिला आणि नदीकडची जमीन गेली. आता तिथे रिसॉर्टचा स्विमिंग पूल आहे. त्या जमिनीमुळेच मला वकील व्हायचं होतं. सरकारी कॉलेजात जागा मिळाली तरच ते होणार होतं, खाजगीचं नावही घरात काढायची सोय नव्हती.

बारावीनंतर लॉ सीईटीसाठी मी भिसेगावातल्या एका क्लासला जाऊ लागले. तिथले सर म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार. भिंतीवर स्वतःच्या सत्काराचे फोटो आणि हातात भलत्याच परीक्षेचं गाईड. एकशेवीस प्रश्न, दोन तास, प्रत्येकाला चार पर्याय, एवढं त्यांनी बरोबर सांगितलं. चुकलं तर गुण कापतात का, असं मी विचारलं तेव्हा ते हसले.

"अगं, कायद्याची परीक्षा आहे, चुकीला शिक्षा असणारच! येत नसेल तर सोडून द्यायचं."

मला ते लगेच पटलं. घरीही वडील हेच सांगत, "जे म्हाईत नाय, त्याला हात लावायचा नाय."

परीक्षा खालापूरकडच्या एका कॉलेजात होती. संगणकावर आधी सूचनांचं पान आलं. 'मी सर्व सूचना वाचल्या व समजून घेतल्या आहेत' याच्यापुढच्या चौकोनात मी खूण केली आणि पुढे गेले. एकही ओळ वाचली नव्हती. मग येत नव्हते ते एकतीस प्रश्न मोठ्या बाणेदारपणे कोरे सोडले. बाहेर पडताना स्वतःचं काय कौतुक वाटत होतं! आज त्या मुलीची कीव येते, तीही थोडीच.

निकालात पर्सेंटाइल आलं, म्हणजे शंभरातले किती जण आपल्या मागे राहिले तो आकडा. माझ्या मागे पुरेसे राहिले नव्हते. क्लासमधल्या माझ्या बाकावरच्या मुलीला मात्र जागा मिळाली.

"उरलेल्या सगळ्यांना ब दिला गं," ती म्हणाली. "कापत नाहीत, माहितीपुस्तिकेत लिहिलंय की."

खरंच लिहिलं होतं. मी पुस्तिका घेऊन सरांकडे गेले. त्यांनी ती हातातही घेतली नाही. "नियम बदलत असतात," म्हणाले, आणि पुढच्या बॅचला येणार का ते विचारलं. असल्या माणसाशी भांडण्यातही आपलाच कमीपणा, म्हणून परत आले.

पुढच्या वर्षी घरीच अभ्यास केला. सूचना ओळ न ओळ वाचल्या. येत होतं ते सोडवलं आणि उरलेल्या सव्वीस प्रश्नांना डोळे झाकून ब दिला. वकील कोणी व्हावं हे ठरवणारी परीक्षा, आणि तिला आवडतो न वाचता अंगठा देणारा! थू असल्या निवडीवर. पण त्या निवडीत या वेळी मी होते.

प्रवेशाचा फॉर्म सगळा इंग्रजीत होता. वडिलांनी तो उलटसुलट करून पाहिला, चष्मा पुसला, परत पाहिला.

"औंदा सगलं येत व्हतं ना गं तुला?"

"हो," मी म्हटलं.

मग त्यांनी पालकांची जागा कुठे आहे ते मला विचारलं आणि तिथे न वाचता सही केली.