तोंडावर बोट ठेवून सुबियापर्यंत

सहलीला यायला सानिकाने अट घातली. गाडीत तिचा आवडता अल्बम लावायचा, पहिल्या ट्रॅकपासून शेवटच्यापर्यंत, आणि तो संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही. कुणी म्हणजे अर्थातच मी. मंदार तसाही बोलत नाही. माझा हा नवरा इथे आखातात एका रिफायनरीत पंप-कॉम्प्रेसर सांभाळतो, दिवसभर मशिनचं ऐकतो आणि घरी आल्यावर माझं.

सानिका आमची एकुलती एक. फेब्रुवारीच्या शेवटी ती शिकायला मेलबर्नला जाणार होती आणि घरात आमचं संभाषण असं चाललं होतं: "जेवलीस?" "येप." "बॅगा भरायला घ्यायच्या?" "लेटर." जायच्या आधी लेकीशी एकदा पोटभर बोलायचं, एवढंच माझं मागणं होतं. म्हणून मीही उलट अट घातली. जितका वेळ तुझा अल्बम, तितका वेळ तू माझ्याशी बोलायचं, फोनला हात न लावता.

"डील," ती म्हणाली. "पण तू मध्ये बोललीस तर डील ऑफ."

शुक्रवारी दुपारी घरून, म्हणजे सबाह अल-सालेमहून निघालो. सुबियाला, वाळवंटात जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. एप्रिलनंतर तिथे फक्त उंटांनी जावं. टाकी भरून घ्या, पाणी भरपूर ठेवा आणि सिव्हिल आयडी, म्हणजे इथलं ओळखपत्र, विसरू नका. आम्ही वाट वाकडी करून हवल्लीत थांबलो आणि फलाफलची सँडविचेस बांधून घेतली. तिघांचं मिळून दीड दिनारात भागलं, वर दुकानदाराने लोणच्याची पिशवी प्रेमाने कोंबली. मग शुवैखवरून तो लांबच लांब समुद्री पूल. टोल नाही, वळण नाही, दोन्ही बाजूंना पाणी. पूल सुरू झाला आणि सानिकाने प्ले दाबलं.

आता अल्बमबद्दल. 'डार्क' म्हणतात त्याला. मला वाटलं होतं, काहीतरी दुःखी असेल. छे! पहिली काही मिनिटं कुणीतरी तळघरात रिकामी पिंपं ओढत होतं. मग धुम, धुम, धुम, धुम. गायक नाही, शब्द नाहीत. मी खिडकीबाहेर बघत मनात म्हटलं, आता गाणं सुरू होईल, आता होईल. दुसरा ट्रॅक संपला तेव्हा कळलं, हेच गाणं.

गप्प बसणं म्हणजे काय असतं हे मला त्या पुलावर कळलं. बगळ्यांसारखे पक्षी दिसले, बोलता आलं नाही. शेजारच्या गाडीतून एक बकरी डोकं काढून बघत होती, तेही गिळलं. शाळेतल्यासारखी हाताची घडी, तोंडावर बोट. आरशात सानिका डोळे मिटून बसली होती आणि तिचा चेहरा इतका निवांत दिसत होता की मला तिचा हेवा वाटला.

पूल संपून सुबियाचा वाळवंटी रस्ता लागला आणि चौथ्या ट्रॅकमध्ये चमत्कार झाला. खालच्या धुमधुमीवर एक बारीक, भरभर तटतटतटतट सुरू झालं. खाली ढोल, वर ताशा! मी नाशिकची, ताशा ऐकला की माझी मान आपोआप हलते. चक्क आवडलं मला. सानिकाने डोळे उघडले, माझी हलणारी मान बघितली आणि हसली. मी गुडघ्यावर बोटं वाजवायला घेतली. मंदार मात्र मान तिरकी करून बसला होता, पण तो मिक्सर लावला तरी मान तिरकी करतो.

मग ढोल थांबला. ट्रॅक विरत विरत संपला.

ताशा चालूच.

आम्ही तिघंही आदराने ऐकत राहिलो. पुढे स्पीडचा कॅमेरा दिसला म्हणून मंदारने वेग कमी केला, तर ताशाही हळू झाला. तट, तट, तट. मंदार आणि मी एकमेकांकडे बघितलं. माझ्या जिभेवर शब्द आले होते, पण बोलले तर डील ऑफ! मी नुसते हातवारे करायला लागले.

"बाबा, हे गाण्यात नाहीये!" सानिका ओरडली. "गाडी थांबव!"

"तू बोललीस!" मी म्हणाले. कबूल करते, टायरआधी माझ्या मनात हेच आलं.

मागच्या टायरचा पापुद्रा सुटून मडगार्डवर आपटत होता. थोडं आणखी गेलो असतो तर टायर फुटलाच असता. मंदारने जॅक काढला. दारं उघडी होती आणि घाईत पाचवा ट्रॅक तसाच सुरू राहिला होता. जवळच एका कुटुंबाचे तंबू होते, तिथून दिशदाशा, तो पायघोळ अरबी झगा, घातलेले एक आजोबा काठी टेकत आले. त्यांनी टायरकडे बघितलंच नाही. बॉनेटशी कान नेऊन गंभीरपणे विचारलं, "मकीना खर्बान?"

"नहीं, नहीं, इंजिन ठीक है," मंदारने हिंदीत सांगितलं. "ये गाना है."

"गाना?" आजोबांनाही मोडकंतोडकं हिंदी येत होतं. त्यांनी स्पीकरकडे काठी रोखली. "गाना में आदमी किधर?"

सानिका खो खो हसली. मीही हसले, मग आजोबाही. त्यांनी तंबूतून वेलचीचा चहा आणि खजूर मागवले, आणि चाक बसेपर्यंत हलले नाहीत. सूर्य मावळला तशी थंडी एकदम अंगावर आली. जॅकेट न्याच; आम्ही दोघींनी मिळून एक शाल ओढली.

स्टेपनी लहान चाकाची होती, त्यामुळे परतताना मंदारने ऐंशीच्या वर काटा जाऊ दिला नाही. पुलावर सगळे आम्हाला मागे टाकत होते. सानिका मागच्या सीटवरून पुढे झुकून म्हणाली, "ओके, आई. स्टार्ट. मी हरले."

इतक्या दिवसांचं साठलेलं होतं. ते सगळं सोडून मी विचारलं, "तुला हे का आवडतं गं?"

"त्यात आदमी नाही ना, म्हणून," ती म्हणाली. "परीक्षेच्या वर्षात सगळे मला काहीतरी सांगत होते. तू, मावशी, टीचर्स. हे एकच काही सांगत नव्हतं." मग म्हणाली, "आय ॲम स्केअर्ड, आई. तिकडे मला कोणीच काही सांगणार नाही."

मला खूप सल्ले देता आले असते. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "मलाही भीती वाटते." मग ती बोलत राहिली, थेट सबाह अल-सालेमच्या सिग्नलपर्यंत. स्टेपनीचे मनापासून आभार.

ती गेल्याला आता महिना होत आला. टायर नवीन आहे. परवा भाजी आणायला जाताना मी एकटीनेच तो अल्बम लावला, चौथ्या ट्रॅकपर्यंत थांबले आणि मान हलवायला तयार झाले. नुसती धुमधुम. गाणं अगदीच अर्धवट वाटलं. तसं सानिकाला लिहून पाठवलं.

उत्तर 'येप' येईल असं वाटलं होतं. व्हॉइस नोट आली, पूर्ण मराठीत: "आई, मी रोज ऐकते. रोज त्या जागी मी हाताने ताशा वाजवते."