माझ्या नावानं भरलेला फॉर्म

दादा, त्या सकाळी जळकोटच्या स्टँडवर माझी बॅग तूच एसटीत चढवलीस. आईनं भाकरी बांधून दिली, पण पांघरूण दिलं नाही. "ऱ्हाऊ दे, मागून धाडू," म्हणाली. आप्पा स्टँडवर आलेच नाहीत. मला वाटलं, लेक चालली म्हणून त्यांचा जीव जड झाला असेल.

मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला नांदेडला निघाले होते. पहिलं वर्ष गच्चीवर रेंज शोधत ऑनलाइन काढलं. सर गणित मांडायचे आणि निम्म्या पायरीवर चित्र अडकायचं. शंका विचारायला माइक लावावा, तर खालून आई हाक मारायची. वर्गातल्या पुष्कळांना तेच सोयीचं होतं. कामधंदा सांभाळून शिकणारे होते ते. म्हणून कॉलेजनं प्रत्येकाला विचारलं, ऑनलाइन की वर्गात? प्रवेशाच्या वेळी नंबर तुझा दिलेला, त्यामुळं लिंक तुझ्या मोबाइलवर आली.

"वर्गात, असं भर," मी म्हटलं.

"भरलं," म्हणालास.

नांदेडला पोचले, तर हॉस्टेलच्या बाईंनी यादीवर दोनदा बोट फिरवलं. "तुम्ही तर ऑनलाइन घेतलंय. खोली कशी मिळेल?"

तिथल्याच पायरीवर बसून मी तुला फोन लावला. तू नाकारलं नाहीस. "आप्पांनीच तसं भरायला लावलं. इथं सांगितलं असतं तर तू ऐकली असतीस का? घरबसल्या डिग्री होऊन राहिली, मग कशाला जायचं? दुपारच्या गाडीनं ये माघारी."

"आईला माहीत हाय?"

तू परत दुपारच्या गाडीचंच सांगितलंस. तेव्हा पांघरुणाचा अर्थ लागला, मी माघारी येणार हे आईला ठाऊक होतं.

मी आले नाही. रुबिना या वर्गमैत्रिणीनं तिच्या भाड्याच्या खोलीत जागा दिली. कॉलेजातल्या मॅडमनी वर्गात शेवटच्या बाकावर बसू दिलं. हजेरीत माझं नाव कधी पुकारलं गेलं नाही, तरी एक दिवस चुकवला नाही. पास झाले.

आता लातूरला क्लासमध्ये गणित शिकवते. मुलं विचारतात, ऑनलाइन बरं की इथं? ज्याला जमेल ते, म्हणते. फॉर्म मात्र स्वतः भरा.

माझ्याबद्दल विचारलं की उत्तर मीच द्यायचं, अशा जागेला मी आता घर म्हणते. परवा आई आली. दार उघडंच होतं, तरी उंबऱ्याबाहेर थांबून म्हणाली, "येऊ का आत?" मी तिला हाताला धरून आत घेतलं. तू खाली गाडीपाशी उभा होतास. खिडकीतून दिसलास मला. मी हाक मारली नाही.