नाव नसलेल्या झुडपाची अकरा फळं

विज्ञानाने अजून नावही न ठेवलेलं फळ पोटात घेऊन बुलढाण्याच्या दवाखान्यात दाखल झालेला मी बहुधा पहिलाच माणूस असेन.

माझी बायको वंदना कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. चार वर्षांपूर्वी जळगाव जामोदच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी एका उघड्याबोडक्या टेकडीवर तिला एक झुडूप दिसलं. कमरेएवढं, राखाडी, काटेरी. वाटेत आडवं आलं तर शिवी देऊन पुढे जावं असं. (मी दिली होती. मी सोबत होतो.) वंदना मात्र त्याच्यापुढे गुडघे टेकून बसली, भिंग काढलं आणि अर्धा तास उठलीच नाही.

"अहो, हे कोणत्याच पुस्तकात पाह्यलं नाही मी."

"पुस्तकात घ्यावं असं काय आहे बे तुझ्यात?" मी झुडपालाच विचारलं.

त्यानंतर चार उन्हाळे ती त्या टेकडीवर जात राहिली. शेळ्यासुद्धा सावलीला बसतात तेव्हा ही डोक्याला ओढणी गुंडाळून एकेका फांदीची मापं घ्यायची. पानाखालची लव मोजायला तिने आख्खा पावसाळा घातला! (माझ्या डोक्यावरचे केस मोजायला तिला चहाचा एक कप पुरला असता.) फूल वेगळं निघालं, लव वेगळी निघाली. आता अडलं होतं फळावर. याच्या भावकीतल्या झुडपाच्या फळात बी एकच असते. याच्यात दोन निघाल्या, की झुडूप नवीन!

आणि यंदा मे महिन्यात तिला फळं मिळाली. अकरा! सोमवारी कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली कापायची म्हणून तिने ती स्टीलच्या डब्यात घालून, वर 'हात लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवून, मुंग्यांच्या भीतीने स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर ठेवली.

रविवारी दुपारी वंदना भाजी आणायला गेली. मी चहा केला. चष्मा टीव्हीवर होता. चहासोबत काहीतरी हवं म्हणून फळीवर हात फिरवला, तर डबा. डब्यात फुटाणे! जरा कडक होते. कडूही होते. जुने असावेत म्हणून मला राग आला, आणि त्या रागात मी सगळे संपवले.

वंदना आली. रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"यातलं काय झालं?"

"संपले. आणि फुटाणे दुसऱ्या दुकानातून आणत जा. फसवलं तुले."

तिच्या हातातली पिशवी सुटली. वांगी घरभर झाली.

"ते फुटाणे नव्हते हो! फळं होती ती!" मग एकदम तिचा आवाज बदलला. "जीभ दाखवा."

"काऊन?"

"विषारी आहे का नाही, दुनियेत कोणालेच माहीत नाही!"

हे ऐकलं आणि त्याच क्षणी माझी जीभ बधिर झाली. मग गुडघे. मग डावा कान.

दवाखान्यात डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. "काय खाल्लं?"

"फळं," मी म्हणालो.

"कशाची?"

"झुडपाची."

"कोणत्या? नाव सांगा."

"त्याले नाव नाही."

"गावठी नाव सांगा, चालन."

"ते बी नाही," वंदना म्हणाली. "मी अजून ठेवलंच नाही."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवला. "ताई, मग मी लिहू काय?"

"लिहा, अभ्यास सुरू आहे."

"पोट रिकामं करा लागन यांचं."

"करा. पण फेकू नका, मले पायजे."

नर्सबाई दोन पावलं मागे सरकल्या.

पण काही हाती लागलं नाही. घास चावून चावून खा, असं आईने लहानपणी शिकवलं होतं आणि आयुष्यात तेवढं एकच मी ऐकलं होतं. विज्ञानाच्या वाट्याला नुसता चोथा आला! (आईचा दुसरबीडहून फोन: "काऊन रे, घरी खायाले भेटत नाही का तुले?")

सलाईन लागलं. वंदनाने माझा हात हातात घेतला. मी तो घट्ट धरला.

"खरं खरं सांगा," ती हळूच म्हणाली, "दाताखाली बिया किती आल्या? एक का दोन?"

"दोन," मी म्हणालो. "चिकटलेल्या."

"पक्कं?"

"पक्कं."

तिचे डोळे असे चमकले, की मला वाचलो-मेलो याचं काहीच वाटेनासं झालं.

मला काहीही झालं नाही. संध्याकाळी सोडलं. वाटेत ती एवढंच म्हणाली, "नुसत्या साक्षीवर लेख छापत नाही कोणी. फळच पायजे." दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने आम्ही निघालो. मी स्वतःहून गेलो.

टेकडीवर झुडपांची फळं झडून गेली होती. वंदना प्रत्येक झुडपाखाली ओणवी होऊन माती चाळत होती. मीही रांगत होतो. माझी पँट दोन ठिकाणी टेकडीने ठेवून घेतली. उन्हाने दगड तव्यासारखे झाले, पण ती थांबेना. शेवटी एका कपारीपाशी ती निश्चल बसलेली दिसली. रडते आहे असं वाटून मी धावलो.

तिने मूठ उघडली. तीन फळं! तिथेच ब्लेडने तिने एक कापलं, भिंग लावलं आणि लहान मुलीसारखी हसली.

"दोन आहेत हो! तुमची साक्ष खरी निघाली!"

घामाने थबथबलेली, कोपरं खरचटलेली, तळहातावर वाटाण्याएवढं फळ घेऊन बसलेली ही बाई मला त्या क्षणी जगातलं सगळ्यात मोठं माणूस वाटली.

काही महिन्यांनी तिचा लेख तज्ज्ञांकडून प्रश्नांसह परत आला. एक प्रश्न असा होता: ही फळं कोणता प्राणी खातो, याचं प्रत्यक्ष निरीक्षण आहे काय? वंदनाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, इंग्रजीत उत्तर टाइप केलं आणि मला मराठीत वाचून दाखवलं:

"एक सस्तन प्राणी. आकाराने मोठा. माणसाळलेला."

मला भरून आलं. एकोणीस वर्षांच्या संसारात तिने मला पहिल्यांदाच 'माणसाळलेला' म्हटलं होतं!