उभ्यानं वाजवलेली गिटार

अप्पाराव गेले तेव्हापासून त्यांची लाल गिटार कपाटावर आडवी पडून होती, जुन्या चादरीत गुंडाळलेली. लीलाबाई अधूनमधून खुर्चीवर चढून चादर झटकायच्या आणि पुन्हा तशीच गुंडाळून ठेवायच्या. तारांना मात्र हात लावायच्या नाहीत.

तरुणपणी नवराबायको एकाच ऑर्केस्ट्रात होते. जयंतीला भीमगीतं, लग्नसराईत सिनेमाची गाणी आणि कार्यक्रम रंगलाच तर शेवटाला एक रॉक अँड रोल. अजिंठा म्हणू नका, लासूर स्टेशन म्हणू नका, सगळीकडं त्या शेवटच्या गाण्यासाठी लोक थांबून राहायचे. अप्पाराव केसांचा फुगा काढून, गिटार कमरेखाली सोडून वाजवायचे. लीलाबाई ठिपक्यांचा फ्रॉक घालून त्यांच्याभोवती गिरक्या घ्यायच्या, मधेच थांबून भारावल्यासारख्या त्यांच्याकडं बघायच्या. सासूबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, पुढं त्याच पहिल्या रांगेत येऊन बसू लागल्या.

घरी मात्र गिटार लीलाबाईंच्या मांडीवर असायची. भात शिजेपर्यंत अप्पाराव शिकवायचे. "तुझी बोटं माझ्याहून हलकी हायत," म्हणायचे. एकदा त्यांनी ऑर्केस्ट्राच्या मालकाला विचारलंही, एक गाणं हिला वाजवू द्या. मालक म्हणाला, "बाईच्या हातात गिटार दिली तर तिच्या नाचाचं काय? लोक नाच बघाया येतात, अप्पाराव." पुढं डीजे आले, ऑर्केस्ट्रा मोडला. अप्पाराव चिकलठाण्याला एका कारखान्यात लागले. घरातलं वाजवणं तेवढं चालू राहिलं, तेही ते होते तोवर.

गेल्या दिवाळीनंतर निशा आली. अप्पारावांच्या धाकट्या भावाची मुलगी, व्हिडिओ करणारी. तिच्या बँडनं जुन्या ढंगाचं एक रॉक अँड रोल गाणं मराठीत केलं होतं, आता त्याचा व्हिडिओ करायचा होता.

"मोठी आई, मोठ्या बाबांची गिटार पायजे होती. आन तू स्टेप दाखवायला येशील का?"

"स्टेपा कुठल्या आता, गुडघे कुरकुरतेत," लीलाबाई म्हणाल्या. पण गेल्या.

गुलमंडीतल्या एका कापड दुकानाच्या वरचा हॉल भाड्यानं घेतला होता. गाणारा अभय फुगा काढून तयार होता. सोनिया नावाची मुलगी ठिपक्यांच्या फ्रॉकमध्ये. सगळं कृष्णधवल दिसणार होतं. लीलाबाईंनी सोनियाला गिरकी दाखवली, थांबायचं कुठं तेही दाखवलं. मग म्हणाल्या, "आन हितं त्याच्याकडं बघायचं."

"का बघायचं?" सोनियानं सरळच विचारलं.

आपण का बघायचो ते लीलाबाईंना ठाऊक होतं. पण ते या पोरीच्या कामाचं नव्हतं.

निशा म्हणाली, "माझंही तिथंच अडलंय. सगळं जुन्यासारखं करायचं आन एका ठिकाणी ते मोडायचं, पण कसं? अभयला फ्रॉक घालू का?"

"नुसतं हसतील लोक," अभय म्हणाला.

चहा आला. सगळे कपबशा घेऊन खिडकीशी गेले. नव्या तारा लावून जुळवलेली गिटार खुर्चीवर पडली होती. लीलाबाईंनी ती मांडीवर घेतली आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू वाजवली. हाताला सगळं आठवत होतं. मान वर केली तर निशा समोर उभी.

"मधल्या तुकड्यात तू वाजव. उभ्यानं."

"उभ्यानं मी कधीच वाजवली नाय गं."

उभ्या राहिल्या तर गिटार पार गुडघ्यापर्यंत लोंबली. पट्टा अप्पारावांच्या उंचीचा. एकाच भोकात वर्षानुवर्षं पिन अडकून तिथलं कातडं काळं पडलं होतं. निशा पट्टा आखूड करायला निघाली तसा लीलाबाईंनी तिचा हात धरला. मग स्वतःच पिन काढली आणि वरच्या भोकात घातली.

निशाचा बेत असा, की सोनिया गिरकी घेता घेता डोळे मिटेल आणि धुक्यासारख्या धुरातून लीलाबाई दिसतील, जुन्या आठवणीसारख्या.

"धूर नको," लीलाबाई म्हणाल्या. "मी आठवण नाय. मोठे बाबा आठवण हायत. मी हितं हाय."

मग धूर काढून टाकला. व्हिडिओत सोनिया गिरकी घेते, अभयकडं न बघता सरळ चालत जाते, आणि तिथं सुती साडीतल्या, चष्मा लावलेल्या लीलाबाई गिटार वाजवत उभ्या असतात. सोनिया त्यांच्या शेजारी उभं राहून गायला लागते. अभय टाळीवर ठेका धरतो.

व्हिडिओ पुष्कळांनी पाहिला. काहींनी टिंगल केली, काहींना वाटलं बाई वाजवायचा नुसता अभिनय करते. लासूर स्टेशनच्या कुणी खाली लिहिलं होतं, 'या गिटारवर अप्पारावांना ऐकलंय.' निशानं ते वाचून दाखवलं तेव्हा लीलाबाईंनी ते पुन्हा वाचायला लावलं.

एप्रिलात जयंतीला वस्तीतल्या मंचावर त्यांनी दोन भीमगीतांना साथ केली. लोक उठून टाळ्या वाजवत होते. सगळे म्हणाले, लई झ्याक झालं. लीलाबाई हसल्या, पाया पडणाऱ्या पोरींच्या डोक्यावरून हात फिरवला.

घरी येऊन कुकर लावला. दुसऱ्या गाण्यात एक सूर निसटला होता. तो कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. ज्याच्या आला असता असं एकच माणूस होतं, आणि त्यानं तो ऐकून मान हलवावी, एवढंच त्यांना त्या घटकेला फार वाटत राहिलं.