पाडव्याची मुकी पहाट

विठाबाई दारात उभी राहिली की आमच्या खोलीत अंधार पडायचा, एवढी ती आडव्या अंगाची. माहेर सायखेड्याचं, नवरा लवकर वारलेला, मूलबाळ नाही. भद्रकालीच्या देवळामागच्या आमच्या गल्लीतल्या बहुतेक बायका विडी कारखान्यात जायच्या. माझी आई विमलाबाई आणि ती एकाच रांगेत बसत. मांडीवर बांबूचं सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, हातात कात्री. उरलेलं काम घरी आणायचं, त्यामुळे घरोघर सूप हाताशीच असायचं.

कारखान्यातला मुकादम चांगल्या विड्यासुद्धा ‘छाट’ म्हणून बाजूला काढायचा आणि तेवढी मेहनत फुकट जायची. विठाबाईनं एकदा ती सगळी छाट त्याच्या डोक्यावर ओतली. त्याच दिवशी फाटकावर युनियनचा लाल झेंडा लागला, असं गल्लीत सांगतात. यात थोडं तिखटमीठ असेल. मला चालतं.

फुलाबाई विठाबाईच्या उजव्या हाताला बसायची. हिचा नवरा भिकन कामाला आळशी, पण बायकोला मारायला त्याला कधी कंटाळा आला नाही. सुजलेल्या बोटांनी फुलाबाईला विडीचा दोरा बांधता यायचा नाही. मग विठाबाई आपल्या विड्या गुपचूप तिच्या ढिगात सरकवायची. शेवटी तिनं युनियनच्या बैठकीतच विषय काढला. सेक्रेटरी जयरामभाऊ घसा खाकरून म्हणाले, “घरातली भांडणं हे युनियनचं काम नाही, विठाबाई.”

“बाईचा हात मोडला तं विडी कोन वळंल? तुमी?” ती म्हणाली. “छाट काढनाऱ्याला अडवलं, मंग हाड मोडनाऱ्याला का नाय?”

त्या दिवशी बायकांनी ठराव करूनच घेतला. जिला मार पडेल तिनं कात्रीनं सूप बडवायचं. जिला ऐकू येईल तिनं चुलीवरचं तसंच टाकून आपलं सूप घेऊन त्या दारात यायचं. शिवी द्यायची नाही, हात उगारायचा नाही. मार थांबेपर्यंत सगळ्यांनी मिळून सुपं बडवायची. उपाय भलताच लागू पडला. एक गडी तर शरमेनं निफाडला बहिणीकडे जाऊन बसला. फुलाबाईनंही दोनदा सूप वाजवलं आणि दोन्ही वेळा भिकनला मान खाली घालून दार उघडावं लागलं.

मग एक्क्याऐंशीची दिवाळी आली. आम्ही बौद्ध, आमच्या घरी लक्ष्मीपूजन नाही. पण गल्लीतल्या बाकीच्या घरांत होतं, आणि त्यांची चाल अशी की पाडव्याच्या पहाटे घर झाडून, केर काढून, सूप बडवत दाराबाहेर यायचं. अलक्ष्मीला हाकलायचं. त्या पहाटे सगळी गल्ली सुपं बडवत होती. विठाबाईचं सूप सगळ्यांत मोठ्यानं वाजत होतं. ती हसतही होती, मला आठवतं.

उजाडलं तेव्हा भिकनच्या खोलीतून धूर येत होता. भाजलेली फुलाबाई पुन्हा बोललीच नाही, दुसऱ्या दिवशी गेली. स्टोव्हचा भडका, असं पोलिसांनी लिहिलं. तिचं सूप दाराशी पडलेलं होतं. पण त्या दिवशी कुणाचं सूप दाराशी नव्हतं?

“तिनंबी अलक्ष्मीच काढली असंल,” बायका विठाबाईची समजूत घालायच्या. “तुला हाक नाय मारली तिनं.”

विठाबाईला ते पटायचंही नाही आणि नाकारताही यायचं नाही. रांगेत कुणी तंबाखू पाखडायला सूप हलवलं की ती उठून उभी राहायची. उजव्या हाताची जागा तिनं कुणाला बसायला दिली नाही. मुकादमाचीही तिथं कुणाला बसवायची हिंमत झाली नाही. कधी मला गाठून विचारायची, “तुमच्या घरात तं सूप वाजत नव्हतं, पोरी. तुला काय आयकू आलं?” मी काय सांगणार? आवाज तर चारी बाजूंनी येत होता. मला तिच्या डोळ्यांची भीती वाटायची.

पुढची दिवाळी जवळ आली तेव्हा तिनं बैठकीत एकच मागणं मांडलं. पाडव्याच्या पहाटे गल्लीत सूप वाजवायचं नाही. एरवी तिच्या शब्दाबाहेर न जाणाऱ्या बायका या वेळी बिथरल्या. “मंग अलक्ष्मी काय घरात ठिवायची?” म्हाताऱ्या कडाडल्या. जयरामभाऊंनी देवाधर्माच्या गोष्टींतून अंग काढून घेतलं. भिकननं तोवर दिंडोरीकडची सिंधू दुसरी बायको करून आणली होती. तो ओट्यावर बसून हे ऐकत होता आणि म्हाताऱ्या कडाडल्या तसा हसत उठून गेला. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

विठाबाई उठून उभी राहिली. मग म्हणाली, “तुमची समद्यांची अलक्ष्मी माझ्या घरी धाडा. मला ना पोर ना नातू. माझं आनखी काय वाईट व्हनार हाय?”

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी एकेक बाई खाली मान घालून आली आणि आपल्या घरचा मूठभर केर विठाबाईच्या उंबऱ्यावर ठेवून गेली. तिनं तो सगळा आपल्या हातानं घरात घेतला. माझ्या आईचा अलक्ष्मीवर काडीचा विश्वास नव्हता, पण ते बघून ती रडली.

पाडव्याची पहाट मुकी उजाडत होती. घरोघरी बायका जाग्या, दारं किलकिली. आणि सूप वाजलं. आधी हळू, मग जोरात, मग थांबेचना. आम्ही पोहोचलो तेव्हा विठाबाई भिकनच्या दारावर धडका देत होती. दार मोडलं. सिंधूचं कपाळ फुटलेलं, लुगडं रॉकेलनं भिजलेलं, आणि हातात फुलाबाईचं सूप. बायकांनी भिकनला पोलिस येईपर्यंत भिंतीशी दाबून धरलं.

विठाबाईनं सिंधूला आपल्या घरी नेलं, तिच्या अंगावरचं रॉकेल धुतलं. सिंधू सारखं म्हणत होती, “मी सूप घेतलं तं ते हसले. म्हनले, वाजव. पाडव्याला कोनी येत नाय. फुलीनंबी लय वाजवलं व्हतं.”

विठाबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. “लय म्हंजे किती गं?” तिनं विचारलं.

सिंधूला ते माहीत नव्हतं. पण जेवढं ऐकलं होतं ते तिनं पोलिसांपुढे सांगितलं, कोर्टातही सांगितलं. भिकन तुरुंगात गेला. पुढे सिंधू विठाबाईच्याच घरी राहिली आणि कारखान्यात तिच्या उजव्या हाताला बसू लागली. गल्लीत पाडव्याला सूप पुन्हा वाजलं नाही.

विठाबाई एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात गेली. शेवटच्या दिवसांत तिला सणवार कळत नव्हते, पण झोपेतून दचकून उठायची आणि उशाशी बसलेल्या माझ्या आईला विचारायची, “वाजतंय का गं कुठं?”

“नाय, बाई. समदं शांत हाय,” आई सांगायची.

“मंग नीट आयक,” ती म्हणायची.